दगडमायचा घाट

देऊळगाव राजाहून लोणारला सासुरवाडीस जायचं, तर शहाणा माणूस सर्व्हिस मोटारीनं जातो. मोटार चुकली तर छकडा करतो. लक्ष्मीकांत मास्तर सायकलीवर निघाले, आणि तेही सरळ रस्त्यानं नाही. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या आडमुठेपणात आहे, असं आपलं माझं मत. बाकी ज्याचं त्यानं ठरवावं.

साल चौतीस-पस्तीसचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, हुकूम नागपुराहून सुटायचे, आणि शाळामास्तराच्या ओट्यावर विलायती सायकल उभी असली की येणारा-जाणारा दोन मिनिटं थांबून बघायचा. मास्तर भूगोल शिकवायचे. बुलढाण्याच्या रंगराव वकिलांना सायकलीचं भारी वेड. जिल्ह्यातल्या रस्त्यांचं एक छोटं पुस्तक सायकलस्वारांसाठी छापायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. कुठून कुठे किती मैल, कोणता चढ पायी चढावा, पाणी कुठे मिळेल, वाटेत जुनं देऊळ, बारव, गढी काय बघावी, असं सगळं त्यात यायचं होतं. दक्षिणेकडचे रस्ते त्यांनी मास्तरांकडे सोपवले होते, आणि पुढच्या चाकाला लावायला मैल मोजायचं एक चिमुकलं घड्याळही दिलं होतं. चाकाचा एक फेरा झाला की ते 'टक्' करायचं. मास्तरांना तो आवाज इतका आवडायचा की उतारावरही ते घंटी वाजवायचे नाहीत, टकटक ऐकत जायचे.

त्यांची बायको शारदा लोणारला माहेरी होती. दिवस भरत आले होते. ही तिसरी खेप. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं अकरा दिवसांचं होऊन गेलं, बाराव्या दिवशी बारसं ठरलेलं होतं, पाळणासुद्धा टांगून झाला होता. तो रिकामा पाळणा शारदेनं स्वतःच्या हातानं सोडवला, आणि त्या दिवसापासून ती मोठ्यानं हसल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. माहेरी जाताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "या वेळी तुम्ही तिथं हवेत. बाकी काही मागत नाही." मास्तरांनी शब्द दिला होता. त्यांना स्वतःला देवाकडे तरी दुसरं काय मागायचं होतं? एक लेकरू जगावं, बस.

पण अजून पंधरा दिवस अवकाश आहे असं सुईणीनं कळवलं होतं. म्हणून मास्तरांनी विचार केला, जाता जाता रंगरावांचं काम उरकून घेऊ.

निघताना त्यांच्या आई, सुभद्राबाई, दारापर्यंत आल्या. "लक्ष्या, सरळ जा रे बाबा. वाट वाकडी करू नकोस."

"नाही करत," मास्तर म्हणाले. आईशी ते एरवी कधी खोटं बोलत नसत.

मार्गशीर्षाचे दिवस होते, पण आठवडाभर आभाळ उतरलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता राखाडी उजेड. सिंदखेड राजाला मोती तलावाच्या बांधावर बसून त्यांनी दशम्या खाल्ल्या, जाधवांच्या समाधीची नोंद वहीत केली, आणि पुढे काही मैलांवर मोठा रस्ता सोडून डाव्या हाताची जुनी गाडीवाट धरली. त्या वाटेवर डोंगरात एक काळ्या दगडाचं पडकं देऊळ आहे असं कुणीसं सांगितलं होतं. तेवढं पाहावं आणि पलीकडच्या अंगानं लोणारला उतरावं, असा बेत.

देऊळ काही मोठं नव्हतं. चार खांब, आत अंधार, वटवाघळांचा उग्र दर्प. मास्तरांनी खांबांवरची नक्षी वहीत काढून घेतली. तिथून घाट सुरू झाला. सायकल हातात धरून ते चढू लागले. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि खुरटी सागाची झाडं, पानं हातभर मोठी, वारा नसतानाही मधूनच खरखरणारी. पाखरू ओरडेना. माथ्याजवळ एक वळण लागलं, आणि त्या वळणावर दगडांचा ढीग होता.

चांगला पुरुषभर उंच ढीग. शेतातून वेचून टाकलेले असतात तसले दगड नव्हते ते. सगळे नाल्यातले, गुळगुळीत झालेले, कुणीतरी एकेक करून ठेवल्यासारखे. काहींवर शेंदूर होता, काहींवर हिरव्या बांगड्यांचे तुकडे. वाटसरूंनी घाटात दगड वाहायचा रिवाज मास्तरांना ऐकून ठाऊक होता. त्यांनी वहीत लिहिलं, 'माथ्यावर दगडांचा ढीग. स्थानिक रिवाज. थांबण्यास सपाट जागा.' आणि सायकलीवर टांग टाकून पायडल मारलं, तर पायडलची दांडी खुळखुळून लचकली.

काटरपिन सैल झाली होती. पायडलची दांडी आसाला घट्ट धरून ठेवते ती ही खुंटी. ती निसटली तर पायडल नुसतंच फिरतं आणि सायकल हातात धरून चालत बसावं लागतं. ठोकून बसवायची तर हातोडी हवी. हातोडी घरी राहिली होती. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. वाटेवर सगळा मुरूम, मुठीएवढा दगड नाही. दगड होते ते ढिगातच.

ढिगाच्या कडेला एक दगड अगदी हाताजोगा होता. काळाभोर, लांबट, दोन्ही टोकांना गोल, स्वैपाकघरातल्या वरवंट्याचं धाकटं भावंड म्हणावं असा. मास्तरांनी तो उचलला. तो ओढताना आतून दोन-चार दगड खाली सरकल्याचा घोगरा आवाज आला, आणि थांबला. त्यांनी पिन ठोकली. लोखंड लागून दगडाच्या एका टोकाचा नखाएवढा कपचा उडाला. पिन बसली खरी, पण भरवसा नव्हता. वाटेत पुन्हा लागेल म्हणून त्यांनी दगड बैठकीमागच्या पिशवीत टाकला.

उतार सुरू झाला, आणि दोनशे पावलांतच मास्तरांच्या लक्षात आलं की सायकल जड चालतेय.

उतारावर सायकल सोडली की ती धावायला पाहिजे. ही धावत होती, पण भरलेल्या गाडीसारखी. ब्रेक दाबला तरी लवकर थांबेना. वळणावर तर असा झोल गेला की मागे कुणी कलंडलं असावं. त्यांनी उतरून मागचं चाक दाबून पाहिलं. हवा टणक होती. मग सहज मागे नजर गेली. वाटेवरच्या पिठासारख्या धुळीत त्यांच्याच चाकांची रेघ उमटली होती, आणि मागच्या चाकाची रेघ रुंद, पसरट, खोल होती. शाळेतली पोरं डबलसीट बसून आली की मास्तर त्यांना अशाच रेघेवरून पकडायचे.

आणि एक वास येत होता. शेपा, ओवा, निखाऱ्यावर टाकलेली धुरी. बाळंतिणीच्या खोलीतला वास. उघड्या डोंगरात, जिथं चार मैलांत घर नाही, तिथं.

मास्तरांनी मनाची समजूत घातली. कुठे काटक्या जाळल्या असतील. ते पुन्हा सायकलीवर बसले. टक्… टक्… घड्याळ चालू होतं.

घाटाच्या पायथ्याशी नाल्याच्या काठी एक म्हातारा शेळ्या पाजत होता. कडूबा त्याचं नाव. डोक्याला मळकट पटका, अंगावर घोंगडी. मास्तर जवळ आले तशा शेळ्या पाणी टाकून बाजूला झाल्या. म्हाताऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहू लागला.

"कुठं जाऊन राह्यले जी?"

"लोणारला. सासुरवाडी आहे."

"घाटातून आले? दगड ठेवला नं?"

"कसला दगड?"

"इथला." त्यानं नाल्याकडे हात केला. "खालून एक घ्याचा, वर दगडमायपाशी ठेवाचा. आमी सारे ठेवतो."

"ओझं उतरावं म्हणून का?" मास्तरांनी वही काढत विचारलं. भूगोलाच्या मास्तरांना असल्या गोष्टी टिपून घ्यायची खोड असते.

"ओझं?" म्हातारा किंचित हसला. "ते नव्या मानसाले सांगाची गोष्ट. खरं तं ते तिच्यावर ठेवतो आमी. तिनं उठू नाही म्हून." तो थांबला. "माह्या आज्याच्या वक्ताची गोष्ट हाय. पहिलटकरीन होती. माहेरी निघाली होती बाळंतपनाले. संगं कोनी नाही, पायी. त्या वळनावर कळा सुरू झाल्या. बसली ते बसलीच. दोघंबी तिथंच हायेत, खाली… तिले अजून माहेरी जाचं हाय, मास्तर. म्हून दाबून ठेवली हाय. एकेक दगडानं."

सागाची पानं खरखरली. मास्तरांनी वही मिटली.

"वरचा दगड खाली आनू नाही कोनी," कडूबा हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या पिशवीत काय हाय?"

आता हीच ती घडी. मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. तीन मैल चढ होता, दिवस होता, दगड परत ठेवता आला असता. पण शिकलेल्या माणसाला चोरी पकडली गेली की जी लाज वाटते ती अडाण्याला वाटते त्याच्या दुप्पट असते. देवाच्या ढिगातून दगड उचलून काटरपिन ठोकली, हे एका शेळ्या राखणाऱ्याला कसं सांगायचं?

"हत्यारं आहेत," मास्तर म्हणाले. "आणि एक दगड. नाल्यातला."

"या नाल्यातला?"

"हो."

कडूबा बराच वेळ त्यांच्या खांद्यामागे बघत राहिला. "मंग बरं हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात बरं असल्यासारखं काही नव्हतं.

मैलभर पुढे गेल्यावर मास्तरांनी सायकल थांबवली. त्यांना स्वतःची चीड आली होती, आणि भीतीही वाटत होती, तीही कबूल करायला हवी. त्यांनी दगड पिशवीतून काढला आणि एका मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. पायडल मारलं, तर पिन सटकली. दगड घेऊन ठोकावी लागली. पुढे एका बाभळीखाली त्यांनी तो पुन्हा ठेवला. दहा हात गेले नाहीत तोच दांडी लचकली. तिसऱ्या वेळी त्यांनी तो ठेवलाच नाही. उजेड ओसरत चालला होता, आणि पाठीमागे आता काहीतरी ऐकू येत होतं. कुणी दात आवळून धरलेला श्वास मधेच सोडावा तसं. कळ येते आणि जाते तसं.

"कोण आहे?" मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

फक्त टक्… टक्… टक्…

लोणारच्या गल्लीत ते शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासऱ्यांच्या दारात सगळे कंदील पेटलेले. चिंतामणपंत, त्यांचे सासरे, ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मास्तर उंबऱ्याशी येऊन उतरायला गेले, आणि सायकल एकाएकी अशी हलकी झाली की त्यांचा तोल जाऊन ते भिंतीवर आदळले.

त्याच क्षणी आतून बाळाचं रडणं आलं. खणखणीत, घर डोक्यावर घेणारं.

"मुलगा!" मेहुणी सुलभा धावत बाहेर आली. "भावोजी, मुलगा झाला! दुपारपासून अडली होती ताई, झुंबरबाईनंसुद्धा हात टेकले होते, आणि आत्ता एकदम…"

मास्तर ओट्यावर बसून ढसाढसा रडले. दगड, घाट, म्हातारा, सगळं त्या रडण्यात वाहून गेलं. कुणाचंही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शारदेला त्यांनी दारातून पाहिलं. ती थकलेली होती, पण डोळ्यांत कितीतरी वर्षांनी पाणी सोडून दुसरं काहीतरी होतं.

"आलात तुम्ही," ती म्हणाली. "आणि ती बाई गेली का?"

"कोणती बाई?"

"बाळ रडलं त्याच घडीला आत आली ती. माझ्या पायाशी बसली होती भिंतीला टेकून. तिलाही कळा येत होत्या हो… बिचारीजवळ कुणी नव्हतं. मी झुंबरबाईला म्हटलंसुद्धा, आधी तिचं बघ."

कोपऱ्यात शेगडी फुंकणारी सुईण झुंबरबाई फुंकायची थांबली. "कळांच्या भरात काहीबाही दिसते बाईले," ती म्हणाली. पण मास्तरांकडे तिनं वर मान करून पाहिलं नाही.

मास्तरांनी जाऊन पिशवी उघडली. दगड तिथं नव्हता. त्यांना बरं वाटलं. कुठे तरी पडला असेल, सुटलो, असं ते स्वतःशी म्हणाले. दांडीत ठोकून बसवलेली काटरपिन मात्र दोन तुकडे होऊन पिशवीच्या तळाशी पडली होती.

बारावा दिवस उजाडला. या दिवसाची धास्ती शारदेनं मनात कशी बाळगली होती ते मास्तरांना ठाऊक होतं. सकाळपासून ती बाळाच्या छातीवर हात ठेवून बसली होती. बाळ धडधाकट, लालबुंद, दूध पिऊन झोपलेलं. दुपारी बायका जमल्या. पाळण्याला आंब्याचे डहाळे बांधले. मास्तर बाहेरच्या खोलीत पुरुषांत बसले होते, पण चौकटीतून आतलं दिसत होतं.

बाळाला घालण्याआधी पाळण्यात वरवंटा ठेवायची रीत असते. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, गोप्या म्हणून पाळण्याखालून वरून फिरवतात आणि आधी त्याला झोपवतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, आणि ज्या कुणाची नजर लागायची ती त्याच्यावर जावी म्हणून. सुलभेनं कुंची घातलेला गोप्या हातात घेतला, आणि कुंची जराशी सरकली.

काळाभोर, लांबट. टोकाला नखाएवढा कपचा उडालेला.

"सुलभा," मास्तर दारात येऊन म्हणाले, "हा… हा कुठला?"

"हा? तुम्हीच आणलात ना? त्या दिवशी संध्याकाळी आत उंबऱ्याशी पडला होता. घरचा वरवंटा केवढा थोराड, पाळण्यात मावत नाही. आई म्हणाली, जावयांनी बघून आणलाय." बायका हसल्या. "सुंठ ठेचायला इतके दिवस हाच घेतोय आम्ही."

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. शारदाही. तिच्या कपाळाला मळवट, ओटीत नारळ, आणि चेहऱ्यावर हसू. मोठ्यानं नाही, पण हसू होतं. तिच्या दोन लेकरांना न मिळालेला दिवस आज तिला मिळत होता. आता या भरल्या घरात सांगायचं, की थांबा, हा दगड एका मेलेल्या बाळंतिणीच्या उरावरचा आहे? मास्तरांनी नुसती मान हलवली आणि ते मागे सरकले.

गोप्या खालून गेला, वरून गेला. पाळण्यात निजला. बायकांनी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. पाळण्याला झोका दिला, तशी आढ्याची कडी अशी करकरली की शेजारच्या म्हातारीनं वर पाहिलं. आणि शेपा-धुरीचा वास मास्तरांच्या अंगावरून गेला. घरात बाळंतीण होती, वास असायचाच. पण तो गेला, हलला, कुणी जवळून पदर सावरत जावं तसा.

मग सुलभेनं दगड उचलून बाजूला ठेवला आणि बाळाला घातलं. "केवढा ऊबदार झालाय बाई," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी तो मागितला. झुंबरबाई मधे आली. "बाळंतिनीच्या खोलीतली वस्तू सव्वा महिना बाहेर नेत नाहीत जी. ज्याचं त्याचं सव्वा महिन्यानंच निघते." मास्तरांनी वाद घातला नाही. शाळा उघडायची होती. सायकल तिथंच ठेवून ते मोटारीनं घरी परतले, आणि महिनाभर त्यांना नीट झोप आली नाही.

सव्वा महिना झाला तसे ते लोणारला गेले, जालन्याहून आणलेली नवी काटरपिन घेऊन. शारदा आणि बाळ चिंतामणपंतांसोबत मोटारीनं निघाली. "तुम्ही?" शारदेनं विचारलं.

"रंगरावांच्या रस्त्याची मोजणी अर्धी राहिलीय. संध्याकाळपर्यंत येतो."

तिची मोटार दिसेनाशी झाल्यावर त्यांनी दगड पिशवीत घातला, आणि सायकल उंबऱ्यापासून हलवली. ती जड झालेली होती. या वेळी ते दचकले नाहीत. त्यांना हायसंच वाटलं. म्हणजे ती घरात राहिली नव्हती, बाळापाशी थांबली नव्हती. परत निघाली होती.

"चला बाई," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला तुमच्या जागी पोचवतो. माझी चूक झाली."

मागून आवाज येत होता. या वेळी कण्हणं नव्हतं. थप्… थप्… थप्… तान्ह्याला खांद्याशी घेऊन थोपटतात तसं. घड्याळाच्या टकटकीत तो मिसळून जायचा, आणि पुन्हा वेगळा व्हायचा.

पायथ्याच्या नाल्यातून त्यांनी आणखी पाच दगड घेतले. छाती फुटेस्तोवर घाट चढले. वळणावर आले आणि थबकले. ढीग तोच होता, पण मधोमध खचला होता. कुशीवर निजलेलं माणूस उठून गेल्यावर गोधडीत खळगा राहतो तसा खळगा. मास्तरांनी काळा दगड त्यात ठेवला, वर पाच दगड रचले, डोकं टेकलं, नाक घासलं. मग उठून सायकलीला हात लावला.

सायकल तेवढीच जड होती.

"मास्तर."

कडूबा वळणावर उभा होता. शेळ्या लांब थांबल्या होत्या. "तवा खोटं काऊन बोलले?"

मास्तरांनी ढिगाकडे बोट केलं. "चुकलो. दगड परत ठेवला बघा, कडूबा. उतरत का नाही ती?"

"इथं काय हाय तिचं? इथं ती मेली. मेल्या जागी कोन वापस येते?" म्हातारा जवळ आला नाही. "माहेरी जाचं होतं, गेली. बाळंत झाली. आता बाई लेकरू घेऊन सासरी जाते. पोचवाले तुमीच होते, आनाले गेले तुमीच. मंग घर कोनाचं, सांगा?"

"काही उपाय…"

"त्या दगडाचं नाव ठेवलं का कोनी?"

मास्तरांनी मान खाली घातली.

कडूबानं पटका काढून हातात घेतला, मेलेल्या माणसासमोर घेतात तसा. "मंग जा जी," तो म्हणाला. "दिवस बुडाच्या आत जा. लहान लेकरू हाय संगं."

देऊळगाव राजाला मास्तर पोचले तेव्हा देवळातली घंटा वाजत होती. संपूर्ण रस्ता त्यांनी घोकलं होतं, की आपल्या घरी जायचंच नाही, रात्र देवळाच्या ओवरीत काढायची. पण शारदा घरी होती. बाळ घरी होतं. पाय आपोआप गल्लीत वळले. त्यांनी सायकल उंबऱ्यापासून चार हात लांब धरली, दोन्ही हातांनी, घट्ट, जशी काही ती सोडली नाही तर कुणी उतरू शकणार नव्हतं.

सुभद्राबाई दारात आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग नुसती कणव. त्या आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा नि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. ओल्या बाळंतिणीला घरात घेताना ओवाळून टाकतात तसा.

"आई, हे कशाला? शारदा दुपारीच आली ना?"

"तिच्यावरून टाकला मी. हिच्यावरून नको?" सुभद्राबाई म्हणाल्या. "कोण, कुठली, ते मागाहून सांग. पोरगी वाळून काडी झालीय. अंगावर तान्हं असलेली बाई उंबऱ्याबाहेर उभी ठेवू नये रे."

"आई, नको! आई…"

त्यांनी तुकडा ओवाळला, डाव्या हाताला टाकला, वर पाणी सोडलं आणि बाजूला होऊन वाट दिली. मास्तरांच्या हातातली सायकल एकदम हलकी झाली, आणि ते तोल जाऊन भिंतीवर आदळले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आत पाळण्याची कडी करकरली आणि शारदेचा दबका, सुखावलेला आवाज आला.

"अहो, सायकल हळू लावा… दोन्ही लेकरं आत्ताच झोपलीत."